महागाई सगळ्यांना, महागाई भत्ता काहींनाच

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्याचा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के निघाला. २०१२ हे आधारवर्ष धरून काढल्या जाणाऱ्या तेव्हाच्या मालिकेतला हा सगळ्यांत खालचा आकडा. आकडा खरा होता. तरीही वालचंदनगरात सकाळी फिरायला निघणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या घोळक्यात जो तो एकच विचारत होता : महागाई संपली म्हणतात, मग वाण्याचं बिल तेवढंच कसं?

उत्तर त्याच आकड्यांत आहे. महागाईचा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा भाव किती टक्क्यांनी चढले, एवढंच. २०२४ च्या ऑक्टोबरात भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या २७ टक्क्यांहून अधिक उतरल्या. म्हणजे २०२३ मध्ये शंभर रुपयांना भरणारी भाजीची पिशवी २०२४ मध्ये १४२ रुपयांची झाली आणि २०२५ मध्ये १०३ रुपयांवर आली. दोन वर्षांचा हिशेब धरला तर ती तीन रुपयांनी महागच आहे. वर्षाचा धरला तर २७ टक्क्यांची स्वस्ताई दिसते. त्याच महिन्यात तेल-तूप वर्षभरात सुमारे ११ टक्क्यांनी चढलेलं होतं. भाजी-डाळ उतरली, २२ सप्टेंबरपासून बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला, आदल्या वर्षीचा आकडाच मोठा होता, या सगळ्याची बेरीज होऊन दर शून्याजवळ आला. दर उतरला म्हणजे भाव चढण्याचा वेग मंदावला. चढून बसलेले भाव बहुतेक जागच्या जागी राहिले.

चढलेल्या भावांना तोंड देता येतं, जर मिळकतही त्यांच्याबरोबर चढत असेल तर. म्हणून माझं म्हणणं असं आहे की, महागाईची चर्चा दरापाशी संपवू नये. कोणाची मिळकत महागाईशी जोडलेली आहे आणि कोणाची मोकळी सोडली आहे, हे आधी विचारावं. आमच्या छोट्या गावात या प्रश्नाची सगळी उत्तरं एकाच रस्त्यावर भेटतात.

वालचंद हिराचंद यांनी नीरेच्या खोऱ्यात, कळंबच्या माळावर हे गाव वसवलं. आधी ऊस आणि साखर, मग साखर कारखान्यांची यंत्रं, पुढे सिमेंटची यंत्रसामग्री, बॉयलर, गिअरबॉक्स, आणि इस्रोच्या रॉकेटचे भागसुद्धा इथे घडले. मी आयटीआय करून इथल्या मशीन शॉपमध्ये टर्नर म्हणून लागलो आणि २०१२ मध्ये निवृत्त झालो. नोकरीच्या काळात पगाराच्या चिठ्ठीवरची एक ओळ आम्ही आधी बघायचो : महागाई भत्ता. ‘यंदा किती पॉइंट वाढले?’ हा प्रश्न लेथवर उभं राहून विचारला जायचा आणि त्याचं उत्तर अंगठेबहाद्दर हेल्परलाही ठाऊक असायचं. पॉइंट म्हणजे औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे. कारखान्याच्या जगात हा निर्देशांक म्हणजे कामगाराच्या ताटाचं संरक्षण होतं.

हे संरक्षण आपोआप मिळालेलं नव्हतं. मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने १९२१ मध्ये मुंबईतल्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला सुरुवात केली. दुसरं महायुद्ध पेटलं, भाव भडकले आणि १९४० मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला. पुढे १९६३ मध्ये मुंबईचा निर्देशांकच महागाई कमी दाखवतो, अशी तक्रार कामगार संघटनांनी लावून धरली. राज्य सरकारला डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमावी लागली आणि निर्देशांकाची जोडणी दुरुस्त करावी लागली. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाईविरोधात हजारो बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. १९७४-७५ मध्ये घाऊक भाव वर्षभरात २५ टक्क्यांनी चढले, तेव्हा भत्ता असलेला कामगार कसाबसा तगला. या राज्यात महागाईचा आकडा हा कष्टकऱ्यांनी हक्काने भांडून घेतलेला आकडा आहे, हे नव्या पिढीला कोणीतरी सांगायला हवं.

आता आमच्या गल्लीत या.

माझ्या घराला लागून एक निवृत्त गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्य घालवलं. त्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता आहे. केंद्र सरकार वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, भत्ता सुधारतं. राज्य सरकार मागोमाग देतं. २०२५ च्या जुलैपासून केंद्राचा दर ५८ टक्के झाला. गुरुजींना तो मिळतो याचा मला आनंद आहे. तो त्यांचा हक्क आहे आणि म्हातारपणी कोणापुढे हात न पसरता जगता यावं म्हणून तो असलाच पाहिजे.

आमच्या घरात १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचं पेन्शन येतं. माझ्या पगारातला मालकाचा जो हिस्सा या पेन्शनसाठी जायचा, तो माझ्या निवृत्तीच्या काळात महिना ६,५०० रुपयांच्या मर्यादेवर मोजला जाई. पगार त्याहून जास्त असला तरी पेन्शनचा हिशेब साडेसहा हजारांवरच. त्यामुळे दोन हजारांच्या आसपास पेन्शन बसलं. २०१२ मध्ये बसलेला तो आकडा आजही तोच आहे. या योजनेत महागाई भत्ताच नाही. ३५ वर्षं मशीनवर उभं राहताना ज्या निर्देशांकाने मला सांभाळलं, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याशी माझं नातं तुटलं.

माझी पत्नी पहिल्यापासून घरखर्चाची वही ठेवते. त्या वहीत तूरडाळीचा प्रवास वाचता येतो. २०१४ मध्ये किलोला पंचाहत्तर रुपये, २०१५ च्या दिवाळीत पावणेदोनशे, मग पुन्हा शंभराच्या आत, २०२४ मध्ये परत १७०, आणि आता १२० च्या घरात. सोयाबीनचं तेल ऐंशी-पंचाऐंशी रुपयांपासून १४० पर्यंत गेलं. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांचं पान वहीत पूर्वी नव्हतं, आता ते सगळ्यांत मोठं आहे. बारामतीला डॉक्टरांकडे जायचं तर एसटी. २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. आम्हाला अर्धं तिकीट लागतं, ते अर्धंही वाढलं. या सगळ्या ओळींच्या समोर जमेच्या बाजूला पेन्शनचा आकडा तेवढाच एक आहे, महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं. पुण्याहून मुलगा पैसे पाठवतो म्हणून आमचं भागतं. ज्यांना मुलगा नाही, किंवा मुलाचीच नोकरी कंत्राटी आहे, त्यांच्या वह्या कोण वाचणार?

हे एका घराचं रडगाणं असतं तर मी लिहिलं नसतं. या योजनेचे देशात सुमारे ७८ लाख पेन्शनर आहेत. २०१४ च्या सप्टेंबरात सरकारने किमान पेन्शन हजार रुपये केलं. तेव्हापासून २०२५ पर्यंत ग्राहक किंमत निर्देशांक दीडपटीहून जास्त वाढला. म्हणजे २०१४ च्या भावाने बघितलं तर आज त्या हजार रुपयांची किंमत सहाशेच्या आसपास उरली आहे. सरकारने कोणताही आदेश न काढता चारशे रुपये कापले गेले. बुलढाण्यात या पेन्शनरांनी २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषण सुरू केलं. मागणी साधी : साडेसात हजार रुपये किमान पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता. साडेसात हजार द्यावेत की पाच, यावर वाद होऊ शकतो. त्यावर भत्ता असावा की नसावा, यावर वाद होऊ नये.

यापेक्षाही कठीण उदाहरण आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या गरीब म्हाताऱ्याला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. २००७ पासून तो २०० च राहिला. राज्याने आपली भर टाकून रक्कम वाढवली, पण तीही सरकारच्या मर्जीने वाढते, निर्देशांकाने नाही. लाडकी बहीण योजनेचे दीड हजारही तसेच. निवडणुकीच्या आधी वाढणारी मदत आणि भावाप्रमाणे वाढणारा हक्क यांत फरक आहे. हक्काला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत.

गल्ली संपली की शेतं लागतात. एके काळी इथली बरीच जमीन शेती महामंडळाकडे गेली, रत्नपुरी मळ्यावर मजुरांच्या पिढ्या राबल्या. आजही कळंब, लासुर्णे, अंथुर्णे या पट्ट्यात खुरपणी, लागण, डाळिंबाची छाटणी, सगळं रोजंदारीवर चालतं. आमच्याकडे शेंगा विकायला येणारी एक बाई आहे, रोजगाराला जाते. मी तिला विचारलं, तुमच्याकडे मजुरी कशी वाढते? ती म्हणाली, ‘अण्णा, माणसं मिळंनाशी झाली की वाढती. आपून मागून कोन देतंय?’ अर्थशास्त्राचं पुस्तक यापेक्षा वेगळं काही सांगत नाही. मजूर कमी पडले तर मजुरी वाढते. भाव वाढले म्हणून ती वाढेलच असं नाही.

सरकार जिथे स्वतः मजुरी ठरवतं तिथे तरी ती भावाशी नीट जोडलेली असावी ना? रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या निर्देशांकावरून ठरत आली. त्या निर्देशांकाचं आधारवर्ष १९८६-८७ आणि त्यातली खर्चाची टोपली १९८३ च्या पाहणीवरून भरलेली. त्या टोपलीत जवळपास ७० टक्के वजन खाण्याला होतं. १९८३ मध्ये शेतमजुराच्या घरात मोबाइल नव्हता, मुलांची शिकवणी नव्हती, मोटरसायकलचं पेट्रोल नव्हतं, खाजगी दवाखान्याचं बिल क्वचित असायचं. हे सगळे खर्च त्याच्या घरात शिरले, पण त्याची मजुरी मोजणाऱ्या टोपलीत शिरले नाहीत. केंद्र सरकारनेच नेमलेल्या नागेश सिंह समितीने २०१७ मध्ये हा जुना निर्देशांक सोडून ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा असं सुचवलं होतं. २०१९ आधारवर्षाची नवी मालिका यायला २०२५ चा जून उजाडला, आणि तिची टोपलीही २०११-१२ च्या पाहणीतली. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. चाळीस वर्षांपूर्वीच्या ताटावरून आजच्या घामाची किंमत ठरवणं हा अन्याय आहे; त्याला दुसरा शब्द नाही.

उसाच्या फडात तिसरीच तऱ्हा. बीड, अहिल्यानगरकडून दरवर्षी येणाऱ्या तोडणी कामगारांचा दर राज्याच्या पातळीवर वाटाघाटीने, तीन वर्षांसाठी ठरतो. २०२४ च्या जानेवारीत तो ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. वाढ चांगली होती, पण एकदा करार झाला की मधल्या तीन वर्षांत डाळ-तेल कुठेही जाऊ दे, दर तोच. शिवाय त्यातून उचल फेडायची असतेच.

आणि शेतकरी? स्वस्ताईची किंमत बहुतेक वेळा तोच मोजतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि ती २०२४ च्या मे महिन्यापर्यंत चालली. शहरातला कांदा स्वस्त राहिला, महागाईचा दर आवरला, आणि पुणे, नाशिक, सोलापूरचा कांदा उत्पादक खड्ड्यात गेला. रिझर्व्ह बँकेच्याच एका अभ्यासाने २०२४ मध्ये दाखवून दिलं की, ग्राहकाने टोमॅटोला मोजलेल्या एका रुपयातले ३३ पैसे आणि कांद्याच्या रुपयातले ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. ग्राहकाला दिलासा द्यायचाच असेल तर उरलेल्या ६५ पैशांच्या वाटेवर काम करा : कांदाचाळी, शीतगृहं, वाहतूक, अडत. शेतकऱ्याच्या ३५ पैशांवर घाव घालणं सोपं आहे, म्हणून ते वारंवार केलं जातं. साखरेचंही तसंच. कारखान्याने विकायच्या साखरेचा किमान दर २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये ठरला. उसाचा एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) तेव्हाच्या टनाला २,७५० रुपयांवरून २०२५-२६ च्या हंगामासाठी ३,५५० पर्यंत गेला, पण मधल्या हंगामांत साखरेचा तो किमान दर हलला नाही. उसाचं बिल वेळेवर का येत नाही, याचं एक कारण इथे सापडतं.

महागाई आवरण्याची कायदेशीर जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे. २०१६ च्या कायदादुरुस्तीपासून तिचं लक्ष्य चार टक्के, दोन टक्के इकडे किंवा तिकडे. सलग तीन तिमाहींत लक्ष्य चुकलं तर तिला सरकारला लेखी कारणं द्यावी लागतात, आणि २०२२ मध्ये ती द्यावी लागलीही. ही चांगली व्यवस्था आहे. २००९ ते २०१३ या काळात महागाई नऊ-दहा टक्क्यांवर ठाण मांडून बसली होती, ते दिवस मी विसरलेलो नाही. पण बँकेच्या हातात मुख्यतः व्याजदर आहे. आमच्याकडचे भाव पाऊस ठरवतो. २०२५ च्या मे अखेरीस बारामती-इंदापूरला पावसाने झोडपून काढलं, नीरा डावा कालवा फुटला, उभी पिकं पाण्यात गेली. असे धक्के रेपो दराने थांबत नाहीत. भाजीचा भाव पुन्हा चढणार, पुन्हा उतरणार. म्हणूनच ज्यांच्या पोटावर हे चढउतार आदळतात त्यांच्या मिळकतीला आधार द्यावा लागतो.

यावर अर्थतज्ज्ञांचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. सगळ्यांच्या मिळकती भावाशी जोडल्या तर भाव आणि पगार एकमेकांना ढकलत वर जातात. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात पगार, भाडी, करार, सगळं निर्देशांकाला बांधलं गेलं आणि महागाई आटोक्यात यायला १९९४ साल उजाडलं. पण तिथे व्यापारी आणि सावकारांचे करारसुद्धा बांधलेले होते. मी बोलतोय ते म्हाताऱ्यांच्या पेन्शनबद्दल आणि सरकार स्वतः ठरवतं त्या मजुरीबद्दल. अमेरिकेत १९७५ पासून वृद्धांचं सरकारी पेन्शन दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढतं; त्याने अमेरिका बुडाली नाही. आपल्याकडेही सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता वर्षानुवर्षं वाढतो आहे, आणि महागाई भडकण्याचं कारण म्हणून कोणी गुरुजींच्या भत्त्याकडे बोट दाखवत नाही. मग दोन हजारांच्या पेन्शनवर शंभर रुपये वाढले तर भाव भडकतील, हे कोणी कशाच्या आधारे सांगावं? पैशांचा प्रश्न खरा आहे. योजनेच्या निधीवर भार पडेल. तो भार मालक, सरकार आणि आज कमावणारा कामगार यांनी कसा वाटून घ्यायचा, हे आकडेमोड करून ठरवता येतं. या योजनेतही सुरुवातीच्या काही वर्षांत पेन्शनवर वाढ मिळाली होती. म्हणजे हे अशक्य नाही, थांबवलेलं आहे.

२०२६ च्या फेब्रुवारीत ग्राहक किंमत निर्देशांकाची २०२४ आधारवर्षाची नवी मालिका आली. तिच्यात खाण्यापिण्याचं वजन सुमारे ४६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांच्या आसपास आलं. काही भाग हॉटेल-खानावळीचा खर्च वेगळ्या गटात गेल्यामुळे कमी झाला, काही लोक बदलले म्हणून. टोपली ताजी केली हे योग्यच झालं. पण २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण घराच्या खर्चातला खाण्याचा वाटा ४७ टक्के होता, आणि गरीब घरात तो त्याहून जास्त असणार हे सांगायला पाहणीची गरज नाही. सरासरी माणूस जसजसा सुखवस्तू होतो तसतशी निर्देशांकातली भाकरी लहान होत जाते. म्हणून गरिबांच्या पेन्शनसाठी आणि मजुरीसाठी त्यांच्या खर्चाचा वेगळा, पण ताजा निर्देशांक हवा.

तेव्हा माझ्या मागण्या चार. १९९५ च्या योजनेच्या प्रत्येक पेन्शनवर वर्षातून एकदा तरी निर्देशांकाप्रमाणे वाढ द्या. केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन २०० रुपयांवरून उचला आणि ते कायद्याने निर्देशांकाला जोडा. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने रोजगार हमीच्या मनरेगा कायद्याच्या जागी नवा रोजगार कायदा मंजूर केला. त्याखालची मजुरी ताज्या ग्रामीण निर्देशांकावर ठरवा आणि टोपली दर पाच वर्षांनी बदला. आणि शेतमालाची निर्यात रोखून महागाईचा आकडा सजवणं थांबवा.

वाचकांना एक विनंती. पुढच्या महिन्यात महागाईचा नवा दर जाहीर होईल. तो कमी असला तर आनंद माना. पण तुमच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या वॉचमनला, गावाकडच्या निवृत्त काकांना विचारा की, गेल्या दहा वर्षांत त्यांची मिळकत किती वाढली. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : सरकारी पेन्शनवर महागाई भत्ता आहे, आमदारांचं पेन्शनही विधिमंडळ वाढवून घेतं, मग आयुष्यभर यंत्रावर आणि शेतात राबलेल्या माणसाच्या पेन्शनवर तो का नाही? या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहा.